तबकडीचं वय

माझ्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी तिला गीतरामायणाच्या तबकड्या भेट दिल्या आणि चारचौघांत तिलाच चुकीचं ठरवलं. गोष्ट २०१० सालची, निमगाव केतकीतल्या आमच्या घरची. आज ती लिहून काढतोय, कारण बारामती-इंदापूर भागात अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर रेकॉर्डच्या पेट्या पडून आहेत. त्या उघडणारी मुलं माझ्यासारखीच चुकू नयेत, एवढंच मनात आहे.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आजी वालचंदनगरला होती. आजोबा साखर कारखान्यात कामाला. चाळीत एकाच घरी रेडिओ. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि आठवड्याला एक नवं गाणं. बेत वर्षभराचा, म्हणजे बावन्न गाण्यांचा होता. त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी छप्पन्न झाली. गाण्याच्या दिवशी बायका कामं आधीच उरकून त्या घराच्या ओसरीवर जमायच्या, कुणीतरी रेडिओपुढं उदबत्ती लावायचं, असं आजी सांगायची. गाणं संपलं तरी जरा वेळ कुणी उठायचं नाही.

तिच्यासाठी तेच गीतरामायण शोधायचं मी ठरवलं होतं. बारामतीत जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडं संच मिळाला. दहा लाँग प्ले, कव्हरांचे कोपरे थोडे मऊ झालेले, तबकड्या स्वच्छ. "पंचावन्न सालचा ओरिजिनल आहे साहेब, असा परत मिळायचा नाही," तो म्हणाला. आठ हजार मोजले. घासाघीससुद्धा केली नाही. निमंत्रणपत्रिकेत छापून घेतलं, '१९५५ च्या मूळ ध्वनिमुद्रिकांचं श्रवण'.

कार्यक्रमाला बावडा, लासुर्णे, इंदापूर असे सगळीकडचे पाहुणे होते. आजी डोळे मिटून ऐकत होती. सीतेचं गाणं लागलं तसे तिनं डोळे उघडले. "छान हाय रे, पण हे ते नव्हं. तिथं बाई म्हणायची."

मी म्हणालो, "आजी, तुला आता आठवत नसेल. ही तीच रेकॉर्ड आहे."

मामा हसले, दोन-तीन पाहुणेही हसले. ती पुढं काही बोलली नाही. पदर सावरून तिनं पुन्हा डोळे मिटले.

पुढच्या वर्षी ती गेली. ती बरोबर होती हे मला कळलं ते त्यानंतर चार महिन्यांनी.

सांगितलं ते एका जुन्या लाउडस्पीकरवाल्यानं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे पळसदेवचे. उजनीच्या पाण्याखाली जुनं गाव जायची वेळ आली तेव्हा त्यांनी भांड्याकुंड्यांच्या आधी रेकॉर्डच्या पत्र्याच्या पेट्या ट्रॉलीत चढवल्या होत्या. लग्नं, जत्रा, तुकोबांच्या पालखीचा मुक्काम, सगळीकडं त्यांचे कर्णे. मी संच दाखवायला नेला तेव्हा त्यांनी तबकडी बाहेर काढलीच नाही. कव्हर उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि खालच्या कडेच्या बारीक अक्षरांवर अंगठ्याचं नख टेकवलं. 'द ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड.' "ह्यो 'ऑफ इंडिया' हाय न्हवं, हे नाव अडुसष्टनंतरचं. आन् पंचावन्नला आपल्याकडं लाँग प्ले कुठं निघत हुती?"

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या देशात लाँग प्ले निघू लागल्या त्या पन्नासचं दशक सरता सरता. आणि कंपनीनं १९६८ साली नाव बदलून 'ऑफ इंडिया' केलं. २००० साली ती सारेगामा झाली. त्याहून मोठी चूक आवाजाची होती. रेडिओवर गीतरामायण अनेक गायक-गायिकांनी गायलं होतं. माणिक वर्मा, ललिता फडके त्यांतल्याच. तबकड्यांवर सगळी गाणी, सीतेचीसुद्धा, सुधीर फडक्यांनी एकट्यानं गायली आहेत. ते वेगळं ध्वनिमुद्रण आहे, वेगळ्या संस्थेनं वेगळ्या वेळी केलेलं. चाळीच्या ओसरीवर बसून आजीनं जे ऐकलं ते माझ्या संचात नव्हतंच.

तेव्हापासून तबकड्यांचा जन्म शोधायचा नाद लागला. त्यातून जे हाती आलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, तबकडीवर एकाहून जास्त नंबर असतात आणि आपण नेमका चुकीचा वाचतो. लेबलवर ठळक छापलेला असतो तो यादीतला नंबर. दुकानदारानं कंपनीकडं माल मागवताना सांगायचा. गाणं नव्यानं बाजारात आलं की हा बदलू शकतो. दुसरा असतो लेबलच्या भोवतीच्या गुळगुळीत पट्टीत, ठसा मारलेला किंवा हातानं कोरलेला. तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा. त्याच्या आजूबाजूला एखादा आकडा असेल तर तो कितव्या वेळी गाऊन घेतलं, किंवा लाँग प्ले असेल तर कितव्या वेळी कापलं, ते सांगणारा असू शकतो. हा वाचायला तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची आणि हळूहळू फिरवायची. सरळ उजेडात काही दिसत नाही. लेबल वेगळं आणि मॅट्रिक्स एकच, तर गाणं तेच, फक्त पुन्हा काढलेलं. लेबलवर तेच गाणं, तोच गायक आणि मॅट्रिक्स वेगळा, तर थांबा. गायक पुन्हा गायला असेल, किंवा जुन्यावरून नवी नक्कल काढली असेल. तिथं दोन्ही तबकड्या शेजारी शेजारी वाजवून कानानंच ठरवावं लागतं.

लेबल किती फसवतं त्याचं आपल्याच मुलखातलं उदाहरण अब्दुल करीम खाँसाहेबांचं. मिरजेला राहिलेले, किराणा घराण्याचे. १९३० च्या दशकात त्यांनी ओडियन कंपनीसाठी गायलेल्या तबकड्या पुढं कोलंबियाच्या लेबलवर आल्या, नंतर लाँग प्लेवर. खाँसाहेब १९३७ सालीच गेले. आज बाजारात जी सापडते ती बहुतेक वेळा कोलंबियाची, आणि विकणारा ती 'पहिली' म्हणून देतो. गाणं खाँसाहेबांचंच असतं. पण लेबलवरून साल सांगायला गेलात तर चुकलात.

दुसरी गोष्ट मी फार महागात शिकलो. अण्णांकडून मला ओडियनची एक फुटकी-तुटकी ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी मिळाली होती, नाट्यपदाची. लेबल अर्धं उडालेलं, मॅट्रिक्सच्या जागी काळा मळ. नंबर वाचायचा म्हणून मी मेडिकलमधून स्पिरिट आणलं आणि कापसानं पुसलं. कापूस काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय. मळ नव्हता तो. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पाच मिनिटांत ती जागा राखाडी, चिकट झाली आणि नंबर पुसून गेला. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो पुरावाच माझ्या हातानं गेला. त्या पदाची दुसरी प्रत मला आजवर मिळालेली नाही. तेव्हा ७८ ची असेल तर साधं पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच पुसून घ्यायचं. स्पिरिट, सेंट, सॅनिटायझर, काही म्हणजे काही नको. घरातली तबकडी लाखेची आहे का प्लास्टिकची, हे न कळल्यास ती लाखेचीच समजा.

वाजवतानाही तेच. ७८ च्या खाचा रुंद असतात, त्यांना सुई जाड लागते, लाँग प्लेच्या सुईच्या साधारण तिप्पट. लाँग प्लेची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी खरवडत जाते आणि आवाजात नुसती सरसर येते. जुन्या चावीच्या फोनोवर लोखंडी सुई दर बाजूला बदलायची रीत होती. ती न पाळल्यानं लाउडस्पीकरवाल्यांच्या कितीतरी तबकड्या पांढऱ्या पडल्या. अण्णांच्या पेटीतल्या लावण्यांच्या रेकॉर्डी अशाच झिजल्यात. त्या मी वाजवत नाही. नंबर तेवढे उतरवून घेतलेत.

खूप जुन्या तबकडीवर गाणं संपताना गायक स्वतःचं नाव मोठ्यानं सांगतो. सुरुवातीच्या काळात तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या कामगारांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही सोय होती. पुढं १९०८ साली कलकत्त्याला सियालदहचा कारखाना निघाला, नंतर दमदमचा. असं नाव ऐकू आलं तर ती तबकडी बाजूला काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय पुन्हा वाजवू नका.

फसगतीच्या आणखी दोन जागा आहेत. एक म्हणजे व्हर्जन; लोकप्रिय गाणं दुसऱ्याच गायकानं गायलेलं, वर नाव मात्र मूळ चित्रपटाचं, आणि गायकाचं नाव तळाशी बारीक. दुसरी, जुनं एकपदरी ध्वनिमुद्रण यंत्रानं दोन बाजूंना वाटून 'स्टीरिओ' म्हणून पुन्हा विकलेलं. नाट्यपदांचे संग्रह विकत घेताना हे बघा. त्यात वाईट काही नाही, पण आवाज बदललेला असतो आणि तो मूळ म्हणून नोंदवला तर पुढचा अभ्यास करणारा चुकतो.

या सगळ्यात पैसाही आहे, म्हणून फसवणूकही आहे. अमेरिकेत मोटाउन कंपनीनं १९६५ साली फ्रँक विल्सन या गायकाची एक सोल रेकॉर्ड काढायची म्हणून तयार केली आणि बाजारात आणायच्या आधीच जवळपास सगळ्या प्रती नष्ट केल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ साली पंचवीस हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. तेच गाणं १९७९ साली पुन्हा निघालं होतं, ते साध्या किमतीत मिळायचं. ऐकायला दोन्ही एकच. फरक फक्त जन्मतारखेचा, आणि ती तारीख सिद्ध करायला लागतात ते हेच बारीक नंबर.

पुन्हा काढलेली तबकडी कमी प्रतीची, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं. ते निवडलं गेलं तेव्हा ती रेकॉर्ड बाजारात मिळेनाशी झाली होती. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. दुकानात पडून राहिलेली प्रत काय कामाला येईल ते सांगता येत नाही. म्हणून पुन्हा काढलेलीही जपा, फक्त तिला तिचं खरं वय लावा.

माहिती कुठं मिळेल? मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकरांनी ती निष्ठेनं चालवली. 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचं नियतकालिक म्हणजे खाणच आहे. अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांसाठी मायकेल किनियर यांचं १८९९ ते १९०८ या काळावरचं पुस्तक आहे, पॉप्युलर प्रकाशनानं छापलेलं. आणि कंपन्या दुकानदारांना नव्या रेकॉर्डच्या छापील याद्या पाठवत, त्या पातळ पुस्तिका. घरात त्या सापडल्या तर रद्दीत घालू नका. तबकडीइतकंच त्यांचं मोल आहे. कव्हरच्या आतल्या कागदावरचा दुकानाचा शिक्कासुद्धा जपा, तबकडी कुठून आली ते त्यावरून कळतं. मात्र एकट्या कव्हरवर भिस्त ठेवू नका. लाउडस्पीकरवाले हाताला येईल त्या कव्हरात हाताला येईल ती रेकॉर्ड घालत.

जुनं गाणं संगणकावर उतरवून सगळ्यांना द्यावंसं वाटतं, मलाही वाटतं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. कवी आणि संगीतकार यांचा हक्क वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे इथंही साल नीट माहीत असल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पण नंबरांच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुठं ऐकलं, कुणाच्या घरी, बाईचा आवाज होता का पुरुषाचा, मागं कोणती वाद्यं होती. ते जे सांगतील ते आधी लिहून घ्या, मग तबकडीशी ताडून बघा. जुळलं नाही तर त्यांना खोडून काढू नका. तपास वाढवा.

तो संच आजही माझ्याकडं आहे. पहिल्या कव्हरच्या आत मी एक चिठ्ठी ठेवलीय. तिच्यावर लिहिलंय: 'प्रेसिंग १९६८ नंतरचं. गायक सुधीर फडके. १९५५ साली रेडिओवर सीतेची गाणी गायिकांनी गायली होती. माहिती देणार: आजी, वालचंदनगर.'