फोटोखालची ओळ

२३ ऑक्टोबरच्या फोटोत एक निळं दार आहे. बाहेरून कडी घातलेली, उंबऱ्यापाशी एकच चप्पल. फोटो मी काढला, एवढंच सांगता येतं. दार कुणाचं, मी तिथं कशाला गेलो होतो, चप्पल एकच का, काही म्हणजे काही आठवत नाही. बायकोला दाखवला, तर "मिरजेतलं असेल" म्हणून तिनं विषय संपवला.

रोज एक फोटो, वर्षभर, असा नेम मी गुढीपाडव्याला धरला. (पाडवा ते पाडवा माझे ३५५च दिवस भरले. पूर्ण वर्ष हवं असेल तर इंग्रजी तारीख धरा.) डोक्यात न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंग्स्टन होता. त्यानं ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढला, तो १९९७ च्या ऑक्टोबरात मरेपर्यंत. सहा हजारांवर फोटो! आपल्याला एका वर्षाचं काय जड, असं मला वाटलं. पोलरॉइडची फिल्म महाग असते, एकच काढायचा म्हटल्यावर माणूस आधी नीट बघतो, हे ध्यानात आलं नाही. माझा फोन दहा फुकट काढू देतो.

पहिले दोन महिने मजेत गेले. हळदीच्या पोत्यांची थप्पी, सांगलीच्या हरभट रोडची गर्दी, मिरजेच्या सतारमेकरांकडचे वाळलेले भोपळे. मग रात्री पावणेबाराला फोटोची आठवण व्हायला लागली. त्या दिवसांतले फोटो बघवत नाहीत. पंखा, पाण्याचा तांब्या, पुन्हा पंखा. काही रात्री तेही राहिलं आणि सकाळी उठून काढलेला फोटो मी आदल्या दिवसाच्या नावावर चढवला. पण फोटोच्या पोटात तारीख-वेळ असते. वर्ष संपल्यावर मुलीनं ती उघडून दाखवली. असे १७ निघाले. ती हसली, मी नाही.

चुकलेला दिवस चुकला म्हणूनच लिहून ठेवा. तैवानहून न्यूयॉर्कला गेलेल्या तेहचिंग शिए या कलावंतानं ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला हजेरीचं कार्ड पंच केलं आणि दर वेळी कॅमेऱ्यात स्वतःची एक फ्रेम घेतली. ८,७६० पैकी १३३ वेळा हुकलं. त्याचाही हिशेब त्यानं मांडला : ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा घाई झाली. माझ्या १७ पंख्यांपेक्षा "झोप लागली" हे दोन शब्द बरे होते.

जुलैत कृष्णेचं पाणी चढायला लागलं. पावसाळ्यात सांगलीकराचे प्रश्न दोनच : कोयना धरणातून किती सोडलंय आणि आयर्विन पुलाला पाणी किती फूट. रोज संध्याकाळी पुलावर जाऊन फोटो काढायचो, आणि फुटांचा आकडा फोटोत कळत नाही म्हणून वहीत दोन ओळी खरडायचो. पुढं फोन भरला. फोटो क्लाउडवर आहेतच, असं समजून मी ते ॲपमधून पुसले. इथं पुसलं की तिथलंही जातं, हे दिवाळीत कळलं. तोवर ॲपच्या कचराकुंडीची मुदत उलटली होती. ३८ दिवस गेले. बायकोला व्हॉट्सॲपवर पाठवलेले नऊ तेवढे सापडले, तेही बारीक होऊन, काढल्याची वेळ गमावून. (पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.)

आणि नेमके तेच ३८ दिवस मला आज लख्ख आठवतात. वहीत आहे : "पाणी ३१ फूट. भडंगवाल्यानं गाडा दोन पायऱ्या वर घेतलाय. म्हणाला, अजून एक घेईन, मग गावाला जाईन." वाचलं की त्याच्या पातेल्यातल्या लसणाचा वाससुद्धा येतो. पाणी उतरलं तशी वही बंद पडली, आता लिहिण्यासारखं काय आहे म्हणून. पुढचे फोटो सगळे शाबूत आहेत, दिवस मात्र सापडत नाहीत.

तेव्हा फोटो काढला त्याच रात्री खाली एक ओळ लिहा. कुठं, कोण, कशासाठी. "सुंदर संध्याकाळ" असलं लिहू नका, तशा संध्याकाळी वर्षात पन्नास येतात. माणसांचा फोटो विचारून घ्या. मंडईतल्या मावशींनी मला एकदा हटकलं, "रोज माझाच कशाला काढताय ओ?" उत्तर सुचलं नाही. आणि महिनाअखेरीला सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवा. एक फोटो तीन-चार एमबीचा धरला तर वर्षाचे होतात दीड जीबीच्या आतबाहेर, साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावतात. दुसरी प्रत घरात ठेवू नका, निदान पूर येणाऱ्या गावात तरी. माझी पुण्याला बहिणीच्या कपाटात आहे.

परवा मिरजेत ब्राह्मणपुरीतून येताना एक निळं दार दिसलं. स्कूटर थांबवली, फोन काढून पडताळलं. कडी उजवीकडं होती. फोटोत ती डावीकडं आहे.