वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नाही



मागच्या महिन्यात मिरज तालुक्यातल्या एका गटाच्या सभेला गेले होते. सोप्यात पाय ठेवला आणि डोळ्यांत पाणीच आलं. आतल्या खोलीत फिनाईल बनवायचं काम चाललं होतं. दार लावलेलं, खिडकीला पोतं लावलेलं. मी विचारलं, एवढं बंद का केलंय? तर म्हणाल्या, "धूळ येती, पोरं येत्यात, आणि वास बाहेर गेला की शेजारची बोलती." मग मी विचारलं, तुम्हाला या वासाचा त्रास होत नाही का? सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. "कसला वास, मॅडम? आम्हाला तर आता येतच नाही."

त्यांच्यातल्या एका ताईंची सून सातव्या महिन्यात होती. भरलेल्या बाटल्यांना लेबलं लावत ती त्याच खोलीत बसलेली. रोज दुपारी तिचं डोकं दुखायचं. सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं होतं.

आता खरं सांगते. या गटाचा कर्जाचा प्रस्ताव मीच भरला होता. कच्चा माल कुठून आणणार, बाटली किती रुपयांना पडणार, माल कोणत्या बाजारात विकणार, हे सगळं विचारलं. 'जागा' या रकान्यात 'घरातील खोली, उपलब्ध' असं लिहिलं आणि सही करून मोकळी झाले. त्या खोलीत वारा खेळतो का, हे विचारायचं मला सुचलं नाही. म्हणून या वेळचा पाठ त्या वाफेवर.

ज्या वाफेबद्दल बोलतोय तिला पुस्तकात 'बाष्पनशील सेंद्रिय संयुगे' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून व्हीओसी. नाव अवघड आहे, वस्तू रोजची आहे. रॉकेल, पेट्रोल, रंगात घालायचं थिनर, नेलपॉलिश, डांबरगोळी, फिनाईल, अगरबत्तीचा सेंट. झाकण उघडलं की उकळी न येताच ज्यांची वाफ हवेत पसरते, अशी ही रसायनं. इथल्या 'सेंद्रिय' शब्दाला फसू नका. सेंद्रिय गूळ, सेंद्रिय भाजी म्हणतो तो अर्थ इथं नाही. ज्या पदार्थांचा पाया कार्बन आहे ते सेंद्रिय, एवढंच. तुळशीचा, मोगऱ्याचा, निलगिरीचा वास हीसुद्धा व्हीओसीच. तेव्हा सगळ्याच वाईट असं अजिबात नाही. पण बेन्झीन आणि फॉर्मल्डिहाइड या दोन लक्षात ठेवा. दोन्ही कर्करोगाला कारण ठरतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मान्य केलेलं आहे. आणि त्या भेटतात कुठं? पेट्रोलमध्ये, सिगारेटमध्ये, अगरबत्तीच्या धुरात, आणि ओली लाकडं धुमसणाऱ्या चुलीत.

तासगाव, कवठेमहांकाळकडच्या ताई लगेच विचारतील, बेदाण्याला गंधकाची धुरी देतो ती यात येते का? नाही. तो सल्फर डायऑक्साइड. त्यात कार्बन नसतो, म्हणून तो व्हीओसी नाही. छातीला मात्र तोही वाईटच, दमा असलेल्या बाईनं त्या शेडमध्ये थांबू नये. द्राक्षबागेत फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर नावापुढं 'ईसी' लिहिलेलं असेल, तर ते औषध बहुतेक वेळा तेलासारख्या द्रावकात विरघळवलेलं असतं. बाटली उघडल्यावर जो उग्र भपका येतो त्यात या द्रावकाची वाफ असते, आणि ती व्हीओसीच.

आता मोजायचं कसं? आपण सगळ्या नाकानं मोजतो, आणि घोळ तिथंच होतो. एकाच वासात काही मिनिटं बसलं की नाक त्याला सरावतं. वाफ तेवढीच असते, फक्त आपल्याला कळायची बंद होते. त्या फिनाईलच्या खोलीत हेच झालं होतं. दुसरं म्हणजे, काही वाफा नाकाला कळतात तोवर फार उशीर झालेला असतो. आपल्या देशात १८ नोव्हेंबर २००९ ला बाहेरच्या हवेची राष्ट्रीय मानकं जाहीर झाली. त्यातल्या १२ प्रदूषकांमध्ये बेन्झीन आहे. मर्यादा अशी की वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे सगळ्या खोलीत मिळून १४० मायक्रोग्रॅम. बारीक मिठाचे दोन-तीन कण एवढं वजन! नाकाला बेन्झीनचा वास कळेपर्यंत प्रमाण याच्या कित्येक शेकडो पट झालेलं असतं.

मग मी हुशारी केली. ऑनलाइन एक छोटं यंत्र मागवलं, मोबाइलएवढं, ज्याच्यावर व्हीओसीचा आकडा दिसतो. मोठ्या ऐटीत सभेत काढलं. आकडा झरझर वर चढला, लाल दिवा लागला, दोन ताई उठून उभ्या राहिल्या. आणि आम्ही तर मंदिरासमोरच्या पारावर बसलेलो! नंतर लक्षात आलं, सभेआधी मी हाताला सॅनिटायझर चोळलं होतं. त्या स्पिरिटची वाफ यंत्रानं पकडली होती. खूप हसल्या सगळ्या, मीही हसले. पण शिकायला मिळालं. असली स्वस्त यंत्रं वाफ कशाची आहे ते सांगत नाहीत. फोडणीचा धूर, अत्तर, गॅस, सगळ्याला ती सारखीच ओरडतात. त्यामुळं त्यांच्यावरचा आकडा घेऊन 'आमच्या घरात विष आहे' किंवा 'आमचं घर शुद्ध आहे' असं काहीच म्हणता येत नाही. तुलनेसाठी मात्र ती चालतात. तीच खोली, तेच काम, यंत्र त्याच जागी ठेवलेलं. आधी दार बंद, मग दार-खिडकी उघडी. आकडा उतरला तर वाफ बाहेर जाते आहे.

खरं मोजमाप प्रयोगशाळेत होतं, आणि त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. काचेची करंगळीहून बारीक नळी असते, तिच्यात कोळशाचे कण भरलेले. बरेचदा हा कोळसा नारळाच्या करवंटीचा असतो, खास प्रक्रिया करून असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडलेला. लहान पंपानं ठरावीक लिटर हवा त्या नळीतून ओढतात. हवा निघून जाते, वाफ कोळशाला चिकटून राहते. मग प्रयोगशाळेत ती सोडवून घेतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रातून पाठवतात. हे यंत्र मिश्रणातली एकेक वाफ वेगळी करून दाखवतं, बेन्झीन किती, झायलीन किती. नळी पदराला पिनेनं लावून दिवसभर कामही करता येतं. म्हणजे त्या बाईच्या श्वासात काय गेलं ते कळतं. गावाच्या चौकातल्या हवेवरून ते कळत नाही.

तुम्ही म्हणाल, हे शास्त्रज्ञांचं काम, आम्हाला काय करायचंय? तर तमिळनाडूतल्या कडलूरची गोष्ट सांगते. तिथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या गावकऱ्यांना रात्री-अपरात्री घाण वास यायचा. तक्रार केली की अधिकारी येईपर्यंत वास गेलेला. पुरावा कुठाय? मग त्यांनी प्रशिक्षण घेतलं आणि २००४ च्या सुमारास बादलीनं हवा पकडायला सुरुवात केली. साधी २० लिटरची झाकणाची बादली, आत खास प्लॅस्टिकची पिशवी. बादलीतली हवा पंपानं काढली की पिशवी फुगते आणि बाहेरची हवा तिच्यात शिरते. ती पिशवी प्रयोगशाळेला पाठवायची. ही युक्ती मूळची अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली, तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांनी वापरलेली. कडलूरच्या नमुन्यांत अनेक विषारी रसायनं निघाली आणि गावाचं म्हणणं कागदावर आलं. मला त्यातली बादलीपेक्षा वही जास्त आवडली. वास कधी आला, किती वेळ टिकला, वारा कोणत्या दिशेचा होता, वास कशासारखा होता, कुणाला काय त्रास झाला, हे ते रोज लिहायचे. आपल्याकडं कारखान्याशेजारी वस्ती असलेल्या ताईंनी एवढं जरी दोन महिने लिहिलं, तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाताना हात रिकामे राहणार नाहीत. हजेरी आणि हप्ता लिहायची सवय आपल्याला आहेच की.

आता वाफ आवरायची कशी, ते. यातला सगळ्यात मोठा धडा आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे. उसाचा फड तुटला की पाचट राहतं, एकरी तीन-चार टन तरी. काडी लावली की दहा मिनिटांत काम संपतं, पण त्या धुरात काजळी असते तशा याच वाफाही असतात. ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे डॉ. आनंद कर्व्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली 'आरती' संस्था, हिनं या पाचटासाठी एक भट्टी बनवली. फलटणला या संस्थेचं केंद्र होतं. या कामाला २००२ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भट्टीत पाचट भरलेली बॅरल ठेवतात, बॅरलच्या बुडाला छिद्रं. बाहेरून जाळ लागला की आतलं पाचट तापतं, पण हवा नसल्यानं पेट घेत नाही. त्याच्यातून वाफा सुटतात. त्या बुडाच्या छिद्रांतून खाली जाळात येतात आणि तिथंच जळून जातात. म्हणजे जो धूर शिवारभर पसरला असता तोच भट्टीचं सरपण होतो! मागं राहतो तो कोळशाचा भुगा. खळ मिसळून त्याच्या कांड्या करतात. या कांड्या जळताना धूर जवळजवळ नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोळशाची शेगडी दार लावून पेटवायची नाही, थंडीत तर अजिबात नाही. ज्यांना भट्टी जमणार नाही त्यांनी पाचट सरीत कुजवावं. तेही वाफ आवरणंच आहे.

मोठे कारखानेही असंच करतात, वाफ जाळून टाकतात किंवा कोळशाच्या थरातून गाळून घेतात. आपल्या खोलीत मात्र आधी झाकण आणि मग वारा. ओतून झालं की झाकण लगेच. काँसन्ट्रेट मिसळायचं काम सकाळी गारव्याला, दुपारच्या उन्हात नाही, कारण ऊन तापलं की वाफ जास्त सुटते. समोरासमोर दोन उघडी तोंडं हवीत, आणि आपण बसायचं ते वारा पाठीकडून येईल असं. वारा कुठून कुठं जातो ते बघायला, काही उघडायच्या आधी, एक उदबत्ती फिरवा आणि विझवून टाका. थिनर किंवा पेट्रोल असेल तिथं उदबत्तीही नको. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाऊन दूरच्या चुलीलाही पेट घेते. फिनाईल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर एकमेकांत कधीच मिसळायचं नाही.

आणि ओढणी! फवारणीला जाताना, रंग देताना आपण तोंडाला ओढणी गुंडाळतो आणि निर्धास्त होतो. ओढणी काय, एन-९५ मास्कसुद्धा धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी मास्कला कोळशाची डबी लागते. पुन्हा तोच करवंटीसारखा कोळसा. तीही भरली की बदलावी लागते.

त्या सुनेला आम्ही त्याच दिवशी उपकेंद्रात नेलं. सातव्या महिन्यात डोकं दुखतं म्हटल्यावर आधी बीपी बघायला हवं, वास वगैरे नंतर. बीपी ठीक निघालं. डोकेदुखी फिनाईलमुळंच होती असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण गटानं ठराव वहीत लिहून काम परड्यातल्या पत्र्याच्या शेडखाली हलवलं, जिथं तीन बाजू उघड्या आहेत. जुनी ताडपत्री धुळीच्या बाजूला बांधली. शेजारणीला दोन बाटल्या फुकट दिल्या, आता ती बोलत नाही. एक बदल तर त्या सुनेनंच सुचवला. लेबलं रिकाम्या बाटल्यांवर आधीच लावायची, सोप्यात बसून, आणि भरायचं काम नंतर दुसऱ्यांनी करायचं.

प्रस्तावाच्या नमुन्यात मी 'जागा'च्या खाली हातानं एक ओळ वाढवली आहे: वारा कुठून येतो, कुठून जातो? तुमच्या गटाचा जुना प्रस्ताव असेल तर पुढच्या मासिक सभेला घेऊन या, तेवढी ओळ आपण मिळून भरू.