थायरॉइड नॉर्मल आलं, म्हणजे झालं?

अगं सोने, बारशाचे फोटो बघितले. आत्या म्हणाली, पोरीला सासर मानवलं. मला मात्र चर्र झालं. सहा वर्षांपूर्वी माझाही चेहरा असाच गोल, लालबुंद झाला होता. थायरॉइडचा रिपोर्ट चांगला आला, मग सगळ्यांचं एकच पालुपद : भात सोड, चालायला जा. मी चालायचे गं, पण पाटावरून उठताना हात टेकावा लागायचा. तो आळस नव्हता, मांड्यांतली ताकदच गेली होती.

तू एकदा आरशासमोर उभी राहा. पोट सुटलंय आणि हातपाय काटकुळे झालेत का? पोटावर बोटभर रुंद, जांभळे वळ आहेत का? बाळंतपणाचे वण पुढे पांढरट पडतात, त्यांच्याशी गल्लत करू नकोस. कुठे आपटल्याचं आठवत नाही, तरी काळंनिळं होतं का? त्यात बीपी नि साखरही वाढली असेल, तर सगळं पीसीओडीवर ढकलू नकोस.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन अॅड्रिनल ग्रंथी असतात. त्यांचं कॉर्टिसॉल पहाटे चढतं, मध्यरात्री अगदी उतरतं. माझ्या डाव्या ग्रंथीत गाठ होती, तिला दिवस-रात्र सारखीच. कधी मेंदूतल्या पिट्यूटरीची गाठ या ग्रंथींना राबवून घेते. हा कुशिंगचा आजार.

पण आधी सांग, तोंडाला काय फासतेस? गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, सांधेदुखीच्या निनावी पुड्यांतही सापडतं. बाहेरून गेलेलं स्टेरॉइडही हेच रूप देतं, उलट तेच जास्त आढळतं. सापडलं तरी मनानेच झटकन बंद करू नकोस. निजलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही, जिवावर बेततं. माझी गाठ दुर्बिणीतून काढली, तरी उजवी ग्रंथी कामाला लागेपर्यंत कित्येक महिने हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं लागलं.

एंडोक्रिनॉलॉजिस्टकडेच जा. रात्री 11 वाजता डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅमची गोळी देतात आणि सकाळी रक्त घेतात. कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली आलं नाही, तर पुढचा तपास. 24 तासांची लघवीही कॅनमध्ये जमवायला सांगतील, लाजू नकोस. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी सांग, त्यांनी आकडा फसवा येतो.

पोटावरच्या वळांचा फोटो आज रात्रीच पाठव. आणि मला एकटीला हं, फॅमिली ग्रुपवर नको!