कोठे थांबावे? : पंचकर्मातील नवचिकित्सकासाठी ज्येष्ठांचे पाठ

आयुर्वेद हे प्रत्यक्ष कर्माभ्यासाने सिद्ध होणारे शास्त्र आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वैद्याचे चार गुण सांगताना शास्त्रज्ञानानंतर लगेच दृष्टकर्मतेला स्थान दिले आहे. दक्षता व शुचिता त्यानंतर येतात. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, असे दोघेही सुश्रुताचार्यांच्या मते अपुरेच होत. आज बी.ए.एम.एस. पदवी व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केलेला तरुण वैद्य स्वतःचे पंचकर्म केंद्र सुरू करतो, तेव्हा त्याच्यापाशी ग्रंथ असतात, यंत्रे असतात, औषधांची कपाटे भरलेली असतात. उणीव असते ती दृष्टकर्मतेची. ती पूर्ण करण्याचा राजमार्ग म्हणजे अनुभवी सहव्यावसायिकांचा सहवास होय. या सहवासातून नेमके काय शिकावे, याविषयी काही विचार प्रस्तुत लेखात मांडले आहेत.

प्रश्न कसा विचारावा?

विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. नवचिकित्सकाला उपयोगी पडते ती संधायसंभाषा, म्हणजे सलोख्याची, जिज्ञासेची चर्चा. परंतु बहुतेक तरुण वैद्य ज्येष्ठांकडे जाऊन एकच प्रश्न विचारतात : "सर, आमवातात आपण काय देता?" उत्तरादाखल एखादा योग मिळतो, तो वहीत उतरवला जातो आणि पुढच्या रुग्णात तो फलदायी न ठरल्यास योगाला अथवा औषधालयाला दोष दिला जातो.

वास्तविक योग ग्रंथात आहेतच. ग्रंथात शब्दरूपाने असूनही वाचकाच्या हाती सहजासहजी न लागणारी गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे लक्षण ओळखणे आणि त्यावरून थांबणे. म्हणून "काय द्यावे?" यापेक्षा "कशावरून दिलेत?" आणि "कशावरून थांबलात?" हे दोन प्रश्न विचारावेत. या दोन प्रश्नांची उत्तरे देताना ज्येष्ठ वैद्यांनाही आपल्या अनुभवाची उकल करावी लागते आणि तेथेच खरे अध्यापन घडते. पुढील पाठ याच दृष्टीने पाहावेत.

पाठ पहिला : सिद्धता कर्माच्या आधी

उपकल्पनीय अध्यायात अग्निवेश विचारतो की, औषध विचारपूर्वक योजिले असता यश मिळणारच; मग व्यापदांच्या प्रतिकाराची सामग्री आधीच कशाला जमवावी? आत्रेयांच्या उत्तराचा आशय असा की, सूक्ष्म भेद इतके आहेत की निर्मळ बुद्धीचाही गोंधळ होऊ शकतो. आणि संकट उभे राहिल्यावर, बाजार जवळ असला तरी, औषधे त्वरित जमवणे सुकर नसते.

ज्येष्ठ वैद्यांच्या केंद्रात हा अध्याय प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. वमनाच्या दिवशी दूध, यष्टिमधु फांट व सैंधवजल यांबरोबरच स्तंभनाची द्रव्येही बाहेर काढून ठेवलेली असतात. रक्तदाबमापक व ग्लुकोमीटर टेबलावर असतो. रुग्णाच्या नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. जिथे शिरेवाटे द्रव देण्याची सोय आहे अशा रुग्णालयाशी आधीच बोलून ठेवणे, यात कोणताही कमीपणा नाही. ती आजच्या काळातील उपकल्पनाच होय.

पाठ दुसरा : स्नेहपानात भुकेची वेळ

शोधनार्थ स्नेहपान मृदुकोष्ठी व्यक्तीत तीन दिवस व क्रूरकोष्ठी व्यक्तीत सात दिवसांपर्यंत, हा नियम सर्वांना पाठ असतो. पहिल्या दिवशी ३० मिली व पुढे रोज तितकीच वाढ, असा तक्ताही अनेक ठिकाणी भिंतीवर टांगलेला आढळतो. ज्येष्ठ वैद्य मात्र तक्ता बाजूला ठेवून रुग्णाला विचारतात, "काल तूप किती वाजता घेतले आणि खरी भूक किती वाजता लागली?"

स्नेहाची मात्रा ग्रंथकारांनी जरणकालावरून ठरवली आहे : दोन याम म्हणजे ६ तासांत पचणारी ती ऱ्हस्व, चार यामांत म्हणजे १२ तासांत पचणारी मध्यम आणि आठ यामांत म्हणजे २४ तासांत पचणारी उत्तम. म्हणजेच मिलीचा आकडा हे मात्रेचे मापन असले तरी तिचा निकष अग्नी हा आहे. एकाच दिवशी ६० मिली घृत एका रुग्णाला दुपारी बारापर्यंत पचते व दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत जडपणा राहतो. दुसऱ्या रुग्णात तक्त्याप्रमाणे मात्रा वाढवल्यास स्नेहव्यापद अटळ ठरते.

स्नेहपान कोठे थांबवावे, हे वातानुलोमन, अग्निदीप्ती, मलाची स्निग्धता व असंहतता, अंगाचे मार्दव यांवरून ठरते. ही लक्षणे चौथ्या दिवशी दिसली तर चौथ्याच दिवशी थांबावे. 'सात दिवसांचे पॅकेज' ठरले आहे म्हणून पुढे रेटू नये. भुकेची वेळ रोज केसपेपरवर लिहिण्याची सवय हा या पाठाचा सारांश होय.

पाठ तिसरा : वेग मोजावेत, पण वेगांसाठी थांबून राहू नये

शोधनाची प्रवर, मध्यम व अवर शुद्धी वमनात ८, ६ व ४ आणि विरेचनात ३०, २० व १० वेगांनी सांगितली आहे. तथापि ती वैगिकी शुद्धी झाली. तिच्यासोबत मानिकी, आंतिकी व लैंगिकी शुद्धीही आहेत. वमन पित्तांत व विरेचन कफांत झाले का, हृदय, पार्श्व व शिर यांत लाघव आले का, इंद्रिये प्रसन्न झाली का, हे पाहणे अधिक मोलाचे आहे. पाच वेगांत पित्तदर्शन झाले, रुग्णाला हलके वाटते आहे, नाडी स्थिर आहे, अशा वेळी सहावा व सातवा वेग काढण्यासाठी आणखी दूध वा सैंधवजल पाजत राहणे हा आकड्याचा हव्यास होय.

सिद्धिस्थानाच्या सहाव्या अध्यायात वमन-विरेचनाच्या दहा व्यापदांचे वर्णन आहे. नवचिकित्सकाने ती यादी पाठ करावीच. पण त्यांपैकी प्रत्येक व्यापद कोणत्या पूर्वसूचनेनंतर येते, हे ज्येष्ठांकडून समजून घ्यावे. विरेचनानंतर तोंड कोरडे पडणे, उठताना चक्कर येणे, पोटऱ्यांत गोळे येणे, मूत्रप्रवृत्ती कमी होणे, नाडी जलद व क्षीण होणे ही लक्षणे एकत्र दिसू लागताच घरी फोनवरून सल्ला देत बसू नये. रुग्णाला प्रत्यक्ष पाहावे आणि आवश्यकता भासल्यास रुग्णालयात पाठवावे. जीवादानात बाहेर पडणारे शुद्ध रक्त आहे की पित्त, हे ओळखण्याची वस्त्रपरीक्षा ग्रंथात आहे. ती जाणून घ्यावी, मात्र परीक्षेसाठी वेळ दवडू नये. रक्त दिसले की शोधन तेथेच थांबते.

पाठ चौथा : बस्ती हा हाताचा विषय

सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात बस्तीचा अभ्यास पाण्याने भरलेल्या घटाच्या कुशीतील छिद्रावर व दुध्या भोपळ्याच्या तोंडावर करावयास सांगितला आहे. रुग्णावर हात शिकू नये, हाच त्यामागील हेतू. आज घटाऐवजी शैक्षणिक प्रतिकृती असतील, परंतु तत्त्व तेच आहे.

बस्ती देणाऱ्याच्या हातून घडणारे दोष चरकाचार्यांनी स्वतंत्रपणे मांडले आहेत : वायू आत जाणे, नेत्र तिरके जाणे, हात कापणे, द्रव फार मंद अथवा फार वेगाने सोडणे इत्यादी. अनुभवी हाताजवळ उभे राहिल्यावर या प्रत्येक दोषाचा परिहार डोळ्यांनी दिसतो. मध व सैंधव एकजीव झाल्याखेरीज स्नेह घालू नये, स्नेह मिसळल्यावर कल्क व शेवटी क्वाथ घालावा, मिश्रण थेट विस्तवावर न तापवता गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे, नळीतील हवा आधी काढावी आणि थोडा द्रव शिल्लक ठेवूनच नेत्र बाहेर घ्यावे. वाचताना या गोष्टी किरकोळ वाटतात. पण निरूहानंतर रुग्णाला आध्मान होते ते बहुधा यांपैकीच एखादी गोष्ट सुटल्यामुळे.

येथे 'ज्येष्ठ' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा. चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थाता हा स्वतंत्र पाद आहे. वीस वर्षे अभ्यंग करणारा वा वमनाच्या वेळी रुग्णाचे कपाळ धरणारा परिचारक पदवीधर नसतो. पण स्वेद पुरेसा झाला हे त्याला कपाळावरच्या घामावरून व रुग्णाच्या श्वासावरून कळते. त्याला "दादा, आता पुरे का?" असे विचारण्यात तरुण वैद्याने संकोच बाळगू नये. निर्णयाची जबाबदारी अर्थातच वैद्याची.

पाठ पाचवा : रुग्णाची चालू औषधे

हा पाठ ग्रंथांत सापडणार नाही. तो गेल्या काही दशकांतील अनुभवाचा आहे. आज पंचकर्मासाठी येणाऱ्या रुग्णांपैकी अनेक जण मधुमेह, रक्तदाब अथवा हृद्रोगाची आधुनिक औषधे घेत असतात. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला लंघन वा संसर्जनक्रमातील पेया देताना रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रल औषधे घेणाऱ्या वृद्धात विरेचनाने द्रवनाश व क्षारांचा असमतोल होऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास रक्तमोक्षणाचा विचार करतानाच थबकावे.

अनुभवी वैद्य रुग्णाला "कोणती औषधे घेता?" असे केवळ तोंडी विचारत नाहीत, औषधांची पिशवीच घेऊन येण्यास सांगतात. ही औषधे आपणहून बंद करू नयेत. मूळ डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी आणि तसे शक्य नसल्यास शोधनाऐवजी शमनाचा मार्ग स्वीकारावा. न केलेले शोधन हाही चिकित्सेचाच निर्णय असतो.

औषधनिर्मात्यांसाठी दोन शब्द

स्नेहपाकाची परीक्षा हाही ज्येष्ठांकडूनच शिकण्याचा विषय आहे. कल्क एक, स्नेह चार व द्रव सोळा भाग हे शार्ङ्गधरोक्त सामान्य प्रमाण सर्वांना ज्ञात आहे. तैलात फेस येणे व घृतात फेस शमणे, कल्काची वर्ती वळणे, अग्नीवर टाकता चटचट आवाज न होणे, ही सिद्धीची लक्षणेही ज्ञात आहेत. मृदुपाक कोठे संपतो आणि मध्यपाक कोठे सुरू होतो, हे मात्र कढईपाशी उभ्या असलेल्या जुन्या कारागिराच्या बोटांनाच कळते. म्हणजे येथेही प्रश्न तोच : कढई केव्हा उतरवावी?

या बाबतीत ग्रंथांतही एकवाक्यता नाही. चरकमते नस्यासाठी मृदु, पान व बस्तीसाठी मध्य आणि अभ्यंगासाठी खरपाक योजावा. सुश्रुतमते पानासाठी मृदु, नस्य व अभ्यंगासाठी मध्य आणि बस्तीसाठी खरपाक प्रशस्त आहे. म्हणून एकच तैल अभ्यंग व बस्ती या दोन्हींसाठी विकताना त्याचा पाक कोणता, हे वैद्याला कळणे आवश्यक ठरते. २००० साली लागू झालेल्या शेड्यूल 'टी'नुसार उत्पादनाच्या नोंदी ठेवाव्या लागतातच. त्यांतील पाकाची नोंद विचारणाऱ्या वैद्याला उपलब्ध करून दिल्यास दोघांचाही लाभ होईल. वैद्यांनीही केसपेपरवर औषधाच्या नावासोबत बॅच क्रमांक लिहिण्याचा परिपाठ ठेवावा.

ज्येष्ठांत मतभेद असल्यास

दोन अनुभवी वैद्यांची मते एकाच रुग्णाविषयी भिन्न असू शकतात. कोकणातील मृदुकोष्ठी, भातखाऊ रुग्णांत आयुष्य घालवलेल्या वैद्याची विरेचनमात्रा मराठवाड्यातील कष्टकरी, क्रूरकोष्ठी रुग्णाला अपुरी पडेल. दोघेही आपापल्या देशात बरोबर असतात. म्हणून मत उतरवून घेताना त्यासोबत देश, ऋतू, वय, बल, अग्नी व कोष्ठ हेही उतरवून घ्यावे.

त्याचप्रमाणे दीर्घ सवय म्हणजे प्रमाण नव्हे, हेही स्मरणात असावे. ज्येष्ठांचा उपदेश शास्त्राशी व रुग्णात प्रत्यक्ष दिसणाऱ्या लक्षणांशी ताडून पाहावा. तिन्हींचा मेळ बसेल तेथे निःशंकपणे पुढे जावे. न बसल्यास पुन्हा विचारावे. चांगला ज्येष्ठ अशा प्रश्नाने रुष्ट होत नाही.

करावयाची कामे

शिक्षणाची ही परंपरा टिकवण्यासाठी शासकीय पातळीवर १९८८ साली राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाची स्थापना झाली व गुरुशिष्य पद्धतीचे अभ्यासक्रम तेथे चालतात. परंतु प्रत्येकास ते शक्य होईल असे नाही. तालुक्याच्या गावी चार-पाच वैद्यांनी व एखाद्या औषधनिर्मात्याने महिन्यातून एकदा एकत्र बसणे मात्र सहज शक्य आहे. अशा बैठकीत यशस्वी रुग्णांपेक्षा जेथे थांबावे लागले अशा रुग्णांची चर्चा अधिक व्हावी. औषधाचा अनिष्ट परिणाम आढळल्यास तो दडवू नये. आयुष औषधांसाठीच्या औषध-सतर्कता कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत असून तेथे अशी नोंद कळवता येते.

आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या अनेक वैद्यांनी आपला अनुभव लिहून ठेवलेला नाही. तो त्यांच्या बोटांत व नजरेत आहे. तरुण वैद्यांनी आठवड्यातील एक सकाळ त्यांच्या दवाखान्यात उभे राहून घालवावी, आणि ज्येष्ठांनी रुग्ण तपासताना आपण काय पाहिले व कशावरून थांबलो, ते मोठ्याने बोलून दाखवावे, एवढीच उभय पक्षांना नम्र विनंती.