ताकदीच्या गोळ्या आणण्याआधी

गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या की आईबाबांचा एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, हिला ताकदीच्या गोळ्या सुरू करू का?" त्यामागची काळजी मला कळते. शाळा, ट्यूशन आणि नाचाचा क्लास करून पोर घरी येते ती पार गळून. मेडिकलमध्ये मल्टिव्हिटॅमिनची बाटली समोरच दिसते. पण आईबाबांनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तरी ती बाटली घेण्याआधी मुलीचं रक्त तपासून घ्या, एवढं माझं ऐका.

माझ्या भरतनाट्यमच्या क्लासमध्ये अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं, बसवलं की काही मुलींच्या मांड्या लगेच थरथरू लागतात. तिल्लाना हा द्रुत लयीतला नाच अर्ध्यावर आला की ओठ सुकतात, छाती धडधडते. खालची पापणी हलकेच ओढून पाहिली, तर आत लालसर दिसायला हवं तिथे पांढुरकं दिसतं. अशा मुलीला कोणी आळशी म्हटलं की मला फार वाईट वाटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर तिला ॲनिमिया आहे. मल्टिव्हिटॅमिनच्या कित्येक गोळ्यांमध्ये लोह अगदी थोडं असतं, काहींमध्ये नसतंच. महिनाभर बाटली संपवूनही थकवा तिथेच राहतो, तो त्यामुळे.

शाळेत आठवड्याला एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीत मात्र ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, तेही फुकट. मळमळतं म्हणून मुली ती दप्तरात लपवतात. पोटभर जेवण झाल्यावर घेतली तर त्रास कमी होतो. वरणावर लिंबू पिळा आणि त्या वेळी चहा देऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. शौचाला काळी झाली तर घाबरू नका.

मात्र विदर्भात रक्त कमी असण्यामागे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही असू शकतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगात लोह कमी असेलच असं नाही. काहींमध्ये, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्यांमध्ये, ते जास्तच साठतं. म्हणून लोहाचा जादा डोस मनाने सुरू करू नका, आधी सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी होते आणि मुलगी वाहक आहे की रुग्ण, हे कळतं. सरकारी दवाखान्यात याची सोय आहे. सिकलच्या रुग्ण मुलीला पाणी कमी पडलं किंवा अतिश्रम झाले, की हाडं ठणकण्याचा झटका येऊ शकतो. तिने नाचूच नये असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त हे मला आधी माहीत हवं, म्हणजे दर काही मिनिटांनी तिला थांबवून पाणी पाजता येतं.

गुडघे दुखतात म्हणून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या आणणारेही बरेच. पण दुखण्याचं कारण पाण्यातही असू शकतं. आपल्या जिल्ह्यातल्या पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात. तिथे कॅल्शियमच्या बाटलीआधी हातपंपाचं पाणी तपासून घ्यायला हवं. डीची ६०,००० युनिटांची पुडी तर शेजारणीच्या सांगण्यावरून कधीच देऊ नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या होतात, किडनीलाही इजा होते.

आणि डबा! क्लासला येताना मुलींचे डबे मी उघडून पाहते. सकाळची पोळी अर्धी तशीच, कडेला वाळलेली. नाचायला लागणारी ऊर्जा कोणत्याच व्हिटॅमिनमध्ये नसते, ती भाकरीत असते, तुरीच्या वरणात असते. क्लासच्या तासभर आधी मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा केळं द्या. पावसाळ्यात तरोटा, एरवी अंबाडी, जवसाची चटणी, तिळाचा लाडू, दही, झेपत असेल तर अंडं, हे सगळं आपल्या बाजारात मिळतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला रोज सुमारे ३२ मिलिग्रॅम लोह आणि हजारावर मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एवढं एका वेळच्या जेवणातून निघत नाही. यवतमाळच्या दुर्गोत्सवाच्या दिवसांत तर मुली नऊ दिवस उपास धरतात आणि रात्री गरबा खेळतात. साबुदाण्यात जवळपास नुसता स्टार्च. उपास मोडा म्हणत नाही मी, पण राजगिरा, दूध, शेंगदाणे वाढा आणि पाण्याची बाटली सोबत द्या.

एक गोष्ट आयांशी. "थोडी बारीक हो, स्टेजवर छान दिसशील," असं घरातलं कोणी म्हणत असेल तर त्यांना थांबवा. खाणं कमी आणि नाचणं जास्त झालं की पाळी लांबते, मग थांबते, हाडं ठिसूळ होतात. नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि मलाही सांगा. स्पर्धेतून नाव जाईल या भीतीने मुली हे लपवतात. मी तिचा सराव हलका करीन, नाव काढणार नाही. हे तुम्ही घरी तिला माझ्या नावाने सांगू शकता.