तृतीयपंथी असणे हा मनोविकार आहे काय?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीपासून मृत्यूच्या दाखल्यावरील कारणापर्यंत रोगांची जी नावे लिहिली जातात, त्यांच्यामागे एक जागतिक सूची असते. जागतिक आरोग्य संघटना ही सूची तयार करते आणि काही वर्षांच्या अंतराने तीत सुधारणा करते. या सूचीची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मान्य केली व १ जानेवारी २०२२ पासून ती अंमलात आली. या आवृत्तीत पुष्कळ फेरफार झाले. त्यांतील एकाचा संबंध केवळ वैद्यकांशी नसून शाळा, ग्रामपंचायत आणि शासकीय कार्यालये यांच्याशीही आहे. जन्मसमयी नोंदविलेले लिंग आणि व्यक्तीला स्वतःच्या ठायी जाणवणारे लिंग यांत मेळ नसणे, ही अवस्था दहाव्या आवृत्तीपर्यंत मनोविकारांच्या प्रकरणात मोडत असे. अकराव्या आवृत्तीत ती तेथून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित अवस्थांच्या प्रकरणात ठेवण्यात आली. तिचे नावही पालटून 'लिंगभाव विसंगती' अशा अर्थाचे करण्यात आले.

एक नोंद एका प्रकरणातून दुसऱ्या प्रकरणात गेली, इतकेच पाहिले तर हे काम कपाटातील पुस्तके लावण्यासारखे वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. मनोविकाराचा शिक्का बसला की माणसाच्या शब्दाचे मोल कमी होते. मुलगा स्वतःविषयी काही सांगू लागला की 'त्याचे डोके ठिकाणावर नाही' असे म्हणून आईवडील त्याचे तोंड बंद करू शकतात. कार्यालयातील लिपिक अर्ज परत करू शकतो. कराराच्या कायद्यात आणि विवाहाच्या कायद्यात मनाच्या स्वस्थतेला महत्त्व आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. म्हणूनच तृतीयपंथी असणे हा मनोविकार आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शब्दांविषयी थोडेसे

'तृतीयपंथी' हा शब्द आपल्याकडे शासकीय लिखाणात रूढ झाला आहे. त्याच्या पोटात निरनिराळे लोक येतात. गुरुशिष्य परंपरेने एकत्र राहणारा हिजडा समाज येतो. यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते येतात. पुरुष म्हणून जन्मनोंद झालेल्या पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्ती येतात, आणि त्याउलट स्त्री म्हणून नोंद झालेले पण स्वतःला पुरुष मानणारेही येतात. हे शेवटचे लोक गावात फारसे कोणाच्या लक्षात येत नाहीत. मुलीने शर्ट-पँट घातली तर लोक हसतात आणि सोडून देतात, पुढे तिचे लग्न लावून दिले जाते व प्रश्न मिटला असे समजले जाते. तो मिटत नाही. जन्मतःच शरीराच्या लिंगचिन्हांत वेगळेपण असलेल्या व्यक्तींचा प्रश्न मात्र शरीररचनेचा आहे. त्याची येथे गल्लत करू नये. समलिंगी आकर्षण हाही निराळा विषय होय. आपण कोण आहोत ही एक गोष्ट, आणि आपले मन कोणाकडे ओढ घेते ही दुसरी.

२०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात प्रथमच 'इतर' अशी नोंद घेण्यात आली. भारतात अशा व्यक्ती ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ आढळल्या. माहिती देणारा बहुधा कुटुंबप्रमुख असतो, हे ध्यानी घेतले तर हा आकडा कमीच मानावा लागेल.

व्याधी कशास म्हणावे?

बहुसंख्य लोकांहून वेगळे असणे एवढ्याने कोणी रोगी ठरत नाही. डावखुऱ्या मुलाच्या हातावर छडी मारून त्याला उजव्या हाताने लिहावयास लावणारे शिक्षक फार जुन्या काळातले नाहीत. डावखुरेपणा हा दोष नव्हता. मुलाला जो त्रास झाला तो छडीचा होता. भारताच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोविकाराची जी व्याख्या आहे, ती विचार, भावस्थिती, आकलन, स्थलकालाचे भान किंवा स्मृती यांतील अशा ठळक बिघाडाविषयी बोलते की ज्यामुळे माणसाची निर्णयशक्ती, वर्तन, वास्तवाची ओळख किंवा नित्याचे व्यवहार पार पाडण्याची क्षमता गंभीरपणे ढासळते. या कसोटीवर तृतीयपंथी व्यक्तीला घासून पाहिले तर काय दिसते? तिची स्मृती शाबूत असते, हिशेब चोख असतो, व्यवहाराचे भान असते. 'पण पुरुषाचे शरीर असून मी स्त्री आहे असे म्हणणे हा भ्रमच नव्हे काय?' असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो वरवर सबळ वाटतो. परंतु भ्रम झालेला रोगी समोरची वस्तुस्थितीच नाकारतो. तृतीयपंथी व्यक्ती आपल्या शरीराविषयी कोणतीही वस्तुस्थिती नाकारीत नाही. ते शरीर कसे आहे हे तिला नेमके ठाऊक असते, आणि तिच्या दुःखाचे मूळ बहुधा त्या जाणिवेतच असते.

त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. समाजात प्रचलित असलेल्या नैतिक, सामाजिक वा सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धर्मसमजुतींशी एखाद्याचे वर्तन जुळत नाही, या कारणावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही. ही तरतूद उगाच घातलेली नाही. वैद्यकाच्या नावाखाली समाजाची नापसंती रोग म्हणून खपविली गेल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. अमेरिकेच्या दक्षिण भागातील सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने १८५१ साली, मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक विशिष्ट मानसिक रोग जडलेला असतो असे प्रतिपादन केले आणि त्या रोगास लांबलचक ग्रीक नावही दिले! आपल्याकडे ब्रिटिश राजवटीने रोगाऐवजी गुन्ह्याचा शिक्का वापरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजडा समाजातील लोकांची नोंदवही ठेवण्याची आणि स्त्रीवेषात उघडपणे नाचगाणे करणाऱ्यांना शिक्षा करण्याची व्यवस्था होती.

रोगसूचीतील प्रवास

मनोविकारांच्या ग्रंथांत या अवस्थेला स्वतंत्र स्थान मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९८० च्या सूचीत ती आली. १९९४ साली तिला 'लिंगओळखीचा विकार' म्हटले गेले. २०१३ मध्ये 'विकार' हा शब्द गळला आणि त्याजागी लिंगभावाविषयीची 'अस्वस्थता' अशा अर्थाचा शब्द आला. हा बदल शब्दांपुरता नव्हता. ओळख हा आजार नाही, त्या विसंगतीमुळे काहींना जे तीव्र क्लेश होतात त्यांवर उपचार करावयाचे आहेत, असा त्याचा आशय होता. तथापि तो ग्रंथ मनोविकारांचाच होता आणि आहे, ही गोष्ट टीकाकार आजही दाखवून देतात. हीच संघटना १९७३ साली समलिंगी आकर्षण आपल्या यादीतून काढून मोकळी झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने पुढचे पाऊल टाकले. त्यापूर्वी क्षेत्रीय अभ्यास झाले, त्यांपैकी मेक्सिको शहरात झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २५० प्रौढ तृतीयपंथी व्यक्तींच्या मुलाखती त्यासाठी घेण्यात आल्या होत्या. त्यांच्या मनःस्तापाचा आणि कामकाजात येणाऱ्या अडथळ्यांचा संबंध कशाशी लागतो, हे त्यात तपासण्यात आले. लिंगभाव विसंगतीपेक्षा लोकांनी केलेला अव्हेर आणि वाट्याला आलेली हिंसा यांच्याशी तो अधिक घट्ट जुळला. अव्हेर करणाऱ्यांत घरची माणसेही मोठ्या प्रमाणावर होती.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सहज उमगावे. केशवपन करून कोनाड्यात बसविलेली विधवा खिन्न असे, जेवण टाकी, कधी विहीर जवळ करी. वैधव्य हा मनोविकार आहे असे त्यावरून कोणी म्हटले नाही. दुःख खरे होते, पण त्याचे कारण रूढीत होते. आणि त्यावरचा उपायही रूढी मोडण्यातच निघाला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो याच मार्गावरचा.

मग सूचीत ठेवलेच कशाला?

हा प्रश्न चोखंदळ वाचक विचारील, आणि तो रास्त आहे. रोग नाही, तर रोगसूचीत नोंद कशासाठी? याचे उत्तर व्यवहारातले आहे. सूचीत केवळ रोगच असतात असे नाही. गरोदरपण व प्रसूती यांचेही त्यात प्रकरण आहे, आणि कोणी शहाणा माणूस गरोदरपणाला रोग म्हणत नाही; परंतु त्या काळात वैद्यकीय साहाय्य लागते व ते मिळण्यासाठी नोंद लागते. तृतीयपंथी व्यक्तींपैकी काहींना समुपदेशन हवे असते, काहींना संप्रेरकांचे उपचार, तर काहींना शस्त्रक्रिया. कित्येकांना यांतले काहीच नको असते. नोंदच पुसून टाकली तर रुग्णालये, विमा आणि शासकीय योजना यांची दारे बंद होण्याची भीती होती. शिक्का काढावा पण दार उघडे ठेवावे, असा तो निर्णय आहे. तो परिपूर्ण नाही, तरी समंजस आहे असेच म्हणावे लागेल.

वादाचे जे स्थान शिल्लक आहे ते अल्पवयीनांच्या औषधोपचाराविषयी आहे. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या आढाव्याचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वयात येण्याची प्रक्रिया रोखणाऱ्या औषधांच्या परिणामांविषयीचा पुरावा दुर्बल असल्याचे त्यात नमूद केले आहे; इतर काही वैद्यकीय संघटनांचे मत वेगळे आहे. या वादाचा आधार घेऊन तृतीयपंथीयता हा मनोविकार असल्याचे सांगितले जाते, ते बरोबर नव्हे. कोणते औषध कोणत्या वयात द्यावे हा एक प्रश्न आहे आणि व्यक्ती रोगी आहे काय हा सर्वस्वी दुसरा.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मुलगा भातुकली खेळतो, मुलगी झाडावर चढते, एवढ्यावरून कोणतेही निदान करू नये, असे नव्या सूचीतच स्पष्ट म्हटले आहे. बालवयात निदानाचा विचार करण्यापूर्वी ती विसंगती सुमारे दोन वर्षे ठळकपणे टिकून असावी लागते, आणि तो विचार तज्ज्ञाने करावयाचा असतो. शिक्षकाने निदान करू नये व मुलाची चौकशीही वर्गासमोर करू नये. 'बायल्या' हा शब्द वर्गात उच्चारला गेला तर तो तेथेच थांबवावा; मूल शाळा सोडते ते बहुधा अशा शब्दांमुळे, आणि शाळा सुटली की पुढचे सारे मार्ग अरुंद होत जातात. मूल गप्प गप्प राहू लागले, स्वतःला इजा करू लागले, तर मात्र समुपदेशकाकडे वा मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यास विलंब लावू नये. तृतीयपंथी व्यक्तीलाही इतरांप्रमाणे नैराश्य येते, चिंतेचा विकार जडतो. तो बरा करावयाचा असतो. तिची ओळख बरी करावयाची नसते.

ओळख 'बरी' करण्याचे प्रयत्न पूर्वी झाले. विजेचे झटके, ओकारीची औषधे, कोंडून ठेवणे, घाईने लग्न लावणे, देवऋषी आणि अंगारे यांतून ओळख बदलली नाही. माणसे मात्र खचली. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे तथाकथित रूपांतर उपचार हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. पालक अशा उपचाराची जाहिरात घेऊन आले तर गावातील जाणत्या माणसाने त्यांना ही माहिती द्यावी.

कायदा आणि गाव

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निर्णय देताना तृतीयपंथीयांना घटनेतील मूलभूत हक्क पूर्णपणे लागू असल्याचे आणि आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा असल्याचे सांगितले. त्यानंतर २०१९ चा अधिनियम आला. ओळखपत्र कोणी व कसे द्यावे, ही कार्यपद्धती कायद्याने ठरते आणि कायद्याने बदलू शकते. त्याबाबत अधिकाऱ्यांनी वेळोवेळी लागू असलेले नियमच पाहावेत. त्या कार्यपद्धतीवरून अर्जदार मनोरुग्ण आहे असा अर्थ मात्र काढता येत नाही.

गावांनी या बाबतीत कधी कधी कार्यालयांच्या पुढे मजल मारली आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे २०२० च्या अखेरीस एका तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो फेटाळला. उमेदवार मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेली. आपली लिंगओळख स्त्री अशी आहे आणि पुढे आयुष्यभर ती तशीच राहील, असे तिने सांगितले. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात मतदान झाले आणि ती निवडून आली.