अंगकोरच्या आधी ईशानपूर

चि. मनू,



तू पाठवलेला कंबोडियाचा कार्यक्रम दोनदा वाचला. थेट सिएम रीपला उतरायचं, पहाटे अंगकोर वाटचा सूर्योदय, मग बायोन, ता प्रोम, संध्याकाळी बाजार, आणि पाचव्या दिवशी परतीचं विमान. अंगकोर वाट सोड असं मी तुला कधीच सांगणार नाही. पश्चिमेच्या ओवरीत कोरलेलं कुरुक्षेत्र बघताना वेळ कसा जातो कळत नाही, आणि शरपंजरी भीष्म तिथे आपल्याला कुणी दाखवावा लागत नाही. पण या कार्यक्रमात तो देश फक्त बाराव्या-तेराव्या शतकापुरता आणि एका शहरापुरता उरलाय, ते मला खुपतंय. म्हणून हे पत्र.

आधी एक कर. विमान नोम पेन्हचं घे आणि परत ये सिएम रीपहून. ऑफिसातून दोन दिवस रजा जास्त मिळत असेल तर माग. या दोन शहरांना जोडणाऱ्या सहा क्रमांकाच्या महामार्गावर साधारण मध्यावर कांपोंग थोम नावाचं गाव लागतं. पर्यटकांच्या बसगाड्या तिथे जेवायला थांबतात आणि पुढे निघतात. तुम्ही तिथे उतरा आणि रात्र काढा. सकाळी ऊन चढायच्या आत तिथून तीसेक किलोमीटरवरच्या सांबोर प्रेई कुकला जा. ते सातव्या शतकातलं ईशानपूर, पहिल्या ईशानवर्म्याची राजधानी. अंगकोर वाट बांधलं जाण्याच्या पाचशे वर्षं आधीची.

हा काळ तुझ्या ओळखीचा आहे. आपल्याकडे तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. ह्युएन त्संग महाराष्ट्रात येऊन गेला, इथल्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलं, हे तू शाळेत शिकलीस. त्याच प्रवाशाने ईशानपूरचं नावही नोंदवलंय. तिकडे तो गेला नव्हता, पूर्व बंगालकडे असताना कानावर आलं ते त्याने लिहिलं. म्हणजे त्या वेळच्या जाणत्या माणसाला हे नगर ठाऊक होतं, आणि आज सिएम रीपला जाणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

तिथे काय बघायचं ते सांगते. देवळं विटांची, रानात विखुरलेली, शंभरावर. त्यातली काही आठकोनी आहेत, तशी अंगकोरला दिसणार नाहीत. एखाद्या आठकोनी देवळाच्या आत जा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. मग वर बघ. विटेचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा आत सरकवलाय, आणि असं करत करत भिंती वर जाऊन मिटतात. आधाराला तुळई नाही, कमान नाही. बाहेर आलीस की भिंतींवर तरंगते महाल शोध. विटेतच कोरलेले छोटे प्रासाद, खाली पंखवाले प्राणी ते पेलून धरतात, आणि आत बारीक बारीक माणसं. विटेवर एकेकाळी चुन्याचा गिलावा होता, तो बहुतेक गळून गेलाय, त्यामुळे चेहरे पुसट झालेत. सकाळचं तिरकं ऊन असेल तरच ते नीट दिसतात, म्हणून रात्रीच्या मुक्कामाचा माझा हट्ट. सिएम रीपहून एका दिवसात जाऊन येणारे भर दुपारी पोचतात आणि त्यांना नुसत्या लाल भिंती दिसतात.

वाटाड्या तिथल्या गावातलाच घे. तरुण मुलंमुली हे काम करतात, आणि तुमचे पैसे थेट त्यांच्या घरी जातात. रानात मोठे गोल खड्डे दिसतील, ते व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या अमेरिकी बॉम्बफेकीचे. त्याबद्दल विचारायचं असेल तर विचार, पण घाई नको, आणि समोरचा गप्प राहिला तर आपणही गप्प राहावं. त्या देशात पन्नाशीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक माणसाने 1975 ते 1979 या नरसंहाराच्या काळात घरातलं कुणी ना कुणी गमावलंय.

सांबोर प्रेई कुकची 2017 साली जागतिक वारसा यादीत नोंद झाली आणि कोह केरची 2023 साली, म्हणजे अगदी अलीकडे. कोह केरही चुकवू नकोस. चौथ्या जयवर्म्याने 928 साली राजधानी अंगकोरहून तिथे नेली आणि जेमतेम सोळा वर्षांत ती परत गेली. एवढ्याशा काळात त्याने छत्तीस मीटर उंचीचा सात टप्प्यांचा दगडी पिरॅमिड उभा केला. सिएम रीपहून रस्ता चांगला आहे, तरी पूर्ण दिवस धर.

पण कोह केरला जाण्याआधी नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात भीम आणि दुर्योधन बघ. नोम पेन्हला उतर म्हणते ते मुख्यतः याचसाठी. कोह केरच्या प्रासात चेन देवळात गदायुद्धाचा पूर्ण देखावा होता. माणसाएवढ्या वालुकाश्माच्या मूर्ती, भीम-दुर्योधन पवित्रा घेऊन समोरासमोर आणि भोवती बघणारे. यादवीच्या काळात चोरांनी त्या घोट्यापाशी तोडून नेल्या. पावलं तेवढी चौथऱ्यांवर राहिली. दुर्योधन 2011 साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात विकायला आला, तेव्हा ती पावलंच पुरावा ठरली. 2014 साली दोघेही मायदेशी आले. संग्रहालयात त्यांच्या पायांशी वाकून ती तोडल्याची खूण बघ. मग कोह केरच्या त्या देवळात जाऊन उभी राहा. जागा रिकामी दिसेल, पण कोण कुठे उभा होता हे तुला कळेल. अंगकोरच्या गर्दीत असं काही हाताशी लागणं कठीण.

कांपोंग थोमहून सिएम रीपला बसने जाऊ नका, तुम्ही चौघी मिळून गाडी करा. वाटेत कांपोंग क्देईला जांभ्याचा जुना पूल आहे, अंगकोरच्या राजांच्या वेळचा, दोन्ही टोकांना नागांचे फणे. जांभा कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येतो. याच पट्ट्यात तोन्ले साप तळ्याकाठचं कांपोंग ख्लेआंग आहे. पावसाळ्यात मेकाँगच्या पुराने इथली नदी उलटी वाहते आणि तळं कित्येक पटींनी पसरतं, म्हणून घरं उंच खांबांवर असतात. तुम्ही डिसेंबरात जाताय, तेव्हा पाणी उतरत असेल. तरंगत्या गावांच्या सहलींचा मारा असतो, पण तिथे मुलांच्या शाळेत घुसून फोटो काढणाऱ्यांच्या नावेत बसू नकोस.

दोन ठिकाणी मात्र यंदा जाऊ नकोस: प्रेआह विहिअर आणि बान्तेय छ्मार. दोन्ही देवळं अप्रतिम आहेत, पण थायलंडच्या सीमेलगत. 2025 साली त्या सीमेवर तोफा चालल्या. ती सीमा शांत झाल्याची खात्री होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही, कुणी कितीही स्वस्तात गाडी देवो. आणि दूरच्या देवळांत मळलेली वाट सोडून झुडपात शिरायचं नाही. देशात अजून सगळे सुरुंग निघालेले नाहीत. हे भीती घालायला लिहीत नाही, पण पाळायचं म्हणजे पाळायचं.

अंगकोरचं तिकीट तीन दिवसांचं काढ. एका दिवसाचं 37 डॉलर, तीन दिवसांचं 62, आणि ते दहा दिवसांत केव्हाही तीनदा वापरता येतं. म्हणजे मधे कोह केरला जाऊन येता येईल. तुझ्या शाकाहारी मैत्रिणीला सांग, भाजीतसुद्धा माशाचा रस असतो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आधी विचारायचं. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घ्या. कांपोतची मिरी मिळाली तर माझ्यासाठी आण, काळी आणि लाल दोन्ही.

विमानाची तिकिटं अजून काढली नसशील तर नवा कार्यक्रम करून आधी मला पाठव. कांपोंग थोमला राहायची सोय कुठे होते ते मी फोनवर सांगेन.

तुझी,
मावशी